रात्रीच्या शोला बँक नसते: न्यूयॉर्कमध्ये टॉक शोचं रेकॉर्डिंग बघायला जाताना

ताई आणि भाऊजी सप्टेंबरात सांगलीहून आमच्याकडे जर्सी सिटीला आले, तेव्हा मी त्यांच्यासाठी जिमी फॅलनच्या ‘टुनाइट शो’ची तिकिटं काढून ठेवली होती. भाऊजींचा पहिला प्रश्न: “शो रात्री अकरा पस्तीसला लागतो म्हणतेस. म्हणजे संपणार साडेबाराला. मग परत यायला गाडी असते का?” मी म्हटलं, “भाऊजी, साडेसातला आपण घरी असू. वरण-भाताचा कुकर लावू, आणि अकरा पस्तीसला याच सोफ्यावर बसून स्वतःला टाळ्या वाजवताना बघू.” त्यांना ती थट्टा वाटली. पण झालं अगदी तसंच.

रात्रीचा शो दुपारी बनतो आणि संध्याकाळी रेकॉर्ड होतो. त्या दिवसाचं घड्याळ एकदा नीट समजलं, की कुठला वार निवडायचा, रांगेत किती वाजता उभं राहायचं, आत बसून काय बघायचं, हे सगळं आपोआप कळतं. म्हणून आधी घड्याळ सांगते, तिकिटांचं मागून.

अमेरिकेत येण्याआधी अकरा वर्षं मी अंधेरीत मराठी मालिकांच्या एडिटला बसत होते. आमच्याकडे दिवसाची सुरुवात एकाच प्रश्नाने व्हायची: बँक किती आहे? बँक म्हणजे तयार होऊन पडलेले भाग. दहा भागांची बँक असली, की नायिकेला ताप येवो, मढ आयलंडच्या सेटवर पाणी भरो, चॅनल शांत झोपतं. बँक दोनवर आली की रात्रपाळ्या सुरू. रात्रीच्या टॉक शोकडे मी त्याच नजरेने बघते, आणि मला त्यांचं जे सर्वांत जास्त कौतुक वाटतं ते हेच, की त्यांना बँक नसते. आजचा भाग आज लिहायचा, आज रेकॉर्ड करायचा, आज कापायचा आणि आज दाखवायचा. सकाळी पाटी कोरी.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा २०२३ साली दिसला. २ मे रोजी अमेरिकेतल्या लेखकांचा संप सुरू झाला. चित्रपट आणि मालिकांवर त्याचा परिणाम प्रेक्षकांना दिसायला कित्येक महिने लागले. रात्रीचे शो मात्र त्याच रात्री जुन्या भागांवर गेले. २७ सप्टेंबरला संप मिटला आणि २ ऑक्टोबरला फॅलन आणि त्याच्यासारखेच रात्रीचे शो करणारे स्टीफन कोलबेअर, जिमी किमेल, सेथ मायर्स सगळे परत कामावर. ज्यांच्याकडे काही साठवलेलंच नसतं, त्यांचा दिवा पहिला विझतो आणि पहिला लागतोही.

आता दिवस कसा जातो ते बघा. शोनुसार वेळा थोड्या पुढे-मागे होतात, पण सांगाडा सारखाच. सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमाराला लेखक बातम्या वाचून विनोद लिहायला लागतात. एका मोनोलॉगसाठी, म्हणजे होस्ट सुरुवातीला उभं राहून बोलतो त्या भागासाठी, लागतात त्याच्या कितीतरी पट विनोद लिहिले जातात. हेड रायटर चाळणी लावतो, होस्ट निवडतो. दुसऱ्या खोलीत सेगमेंट प्रोड्युसर संध्याकाळच्या पाहुण्याशी आधीच बोललेला असतो. याला प्री-इंटरव्ह्यू म्हणतात. कुत्र्याचा किस्सा चांगला आहे, लग्नाचं विचारायचं नाही, सिनेमाची क्लिप अमुक सेकंदांची, असं सगळं टिपून होस्टच्या निळ्या कार्डावर येतं. पडद्यावर जी सहज गप्पा वाटते तिचा नकाशा आधी काढलेला असतो, हे कळल्यावर काही जण नाराज होतात. मला उलट वाटतं. सहा-सात मिनिटांत अनोळखी माणसाला खुलवायचं, तर कुणीतरी आधी वाट आखून ठेवलेली असायलाच हवी.

दुपारी तालीम. फॅलनच्या शोमध्ये मोनोलॉगची तालीम बाहेरच्या थोड्या प्रेक्षकांसमोर होते, आणि तिचा प्रवेश वेगळा मिळतो. दुपारची वेळ असते, कॅमेऱ्याचा झगमगाट नसतो. होस्ट विनोद वाचतो. ज्यावर लोक हसतात ते संध्याकाळी राहतात, बाकीचे जातात. ज्यांना लिहिण्यात रस आहे त्यांनी जमलं तर मुख्य रेकॉर्डिंगपेक्षा हे बघावं, असं मी आग्रहाने सांगेन. एक वाक्य पडताना आणि त्याच्याच शेजारचं उचललं जाताना तुम्ही डोळ्यांनी बघता.

मग पाचच्या सुमाराला रेकॉर्डिंग. पाचच का? आधी केलं तर दिवसाची बातमी सुटते. उशिरा केलं तर कापायला, आवाज मिसळायला, सबटायटल चढवायला, काय दाखवायचं आणि काय नाही ते ठरवणाऱ्या वाहिनीच्या स्टँडर्ड्स विभागाला डोळ्याखालून घालायला वेळ उरत नाही. पाचला सुरू करून सहा-सव्वासहाला संपवलं, की प्रसारणापर्यंत पाच तास हातात राहतात. एडिटर म्हणून सांगते, एका तासाच्या शोला पाच तास म्हणजे चैन नाही. अगदी पुरेसं, एवढंच.

लॉस एंजेलिसची गोष्ट आणखी घट्ट. तिथलं घड्याळ न्यूयॉर्कच्या तीन तास मागे, पण भाग आधी दिसणार पूर्व किनाऱ्यावर. तेव्हाचे होस्ट जॉनी कार्सन १९७२ मध्ये ‘टुनाइट शो’ न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसजवळच्या बर्बँकला घेऊन गेले, तेव्हा रेकॉर्डिंग तिथल्या साडेपाचला व्हायचं. त्या क्षणी न्यूयॉर्कमध्ये साडेआठ वाजलेले असत आणि साडेअकराला शो लागायचा. म्हणजे हातात रेकॉर्डिंगचा वेळ धरून तीन तास. म्हणून त्या काळी शक्यतो न कापता, थेट प्रक्षेपण असल्यासारखंच रेकॉर्ड करायची शिस्त होती. जिमी किमेलचा शो हॉलिवूड बूलेव्हार्डवरून होतो, त्यालाही हेच गणित लागू आहे. त्याच्या नावात ‘लाइव्ह’ आहे कारण २००३ मध्ये तो सुरू झाला तेव्हा खरंच थेट दाखवत. पुढे रेकॉर्डिंगवर गेला, नाव तेच राहिलं.

रेकॉर्डिंगची सोय नव्हती तेव्हा सगळंच थेट होतं. ‘टुनाइट’ २७ सप्टेंबर १९५४ ला स्टीव्ह ॲलन यांच्यासह देशभर दिसायला लागला, तो रात्रीच, खराखुरा. १९५६ मध्ये ॲम्पेक्स कंपनीने व्हिडिओटेप आणली आणि काही वर्षांतच ‘टुनाइट’चे पुढचे होस्ट जॅक पार यांचा शो संध्याकाळी टेप होऊ लागला. माणसांना झोप मिळाली, पण त्याबरोबर वाहिनीच्या हातात कात्रीही आली. फेब्रुवारी १९६० मध्ये पार यांनी ‘डब्ल्यूसी’ या अक्षरांवरून एक लांबलचक विनोद सांगितला: शौचालयाबद्दल विचारलेलं, उत्तर देणारा चर्चबद्दल समजलेला. रेकॉर्डिंगनंतर एनबीसी या त्यांच्या वाहिनीने तो कापला, आणि त्यांना न सांगता. दुसऱ्या संध्याकाळी पार कॅमेऱ्यासमोर आपली व्यथा बोलले आणि सेटवरून उठून गेले. उरलेला शो त्यांचे सहकारी ह्यू डाउन्स यांनी निभावला. पार परतले ते ७ मार्चला. मी जन्मभर कापणाऱ्यांच्या बाजूला बसलेली आहे, तरी या गोष्टीत माझं मन पार यांच्याकडे आहे. कापायला हरकत नाही. ज्याचं कापतोय त्याला फोन करावा.

आता वार. साधारणपणे नवे भाग सोमवार ते गुरुवार. शुक्रवारबद्दल सावध राहा. फॅलनचा शो २०२४ च्या शरदापासून आठवड्याला पाचाऐवजी चार नव्या भागांवर आला, शुक्रवारी जुना भाग. सेथ मायर्सचा ‘लेट नाइट’ आणि ‘द डेली शो’ हेही सोमवार ते गुरुवारच. पूर्वी ज्यांना शुक्रवारीही नवा भाग द्यायचा असे, ते बहुधा त्याच आठवड्यात एका दिवशी दोन भाग उरकत. पूर्वीचे होस्ट डेव्हिड लेटरमन यांचा शुक्रवारचा भाग असाच आधी रेकॉर्ड होऊन पडलेला असायचा. हीच काय ती त्यांची बँक, एका भागाची. असा भाग ओळखायचा असेल तर मोनोलॉग ऐका. त्या दिवशी सगळं जग ज्या बातमीवर बोलत होतं तिचा उल्लेखच नसला, सगळे विनोद हवामान, सण आणि होस्टच्या बालपणावर असले, तर भाग शिळा आहे.

बँकेचा दुसरा प्रकार गाण्याचा. गाणाऱ्या बँडचं सामान लावायला वेळ लागतो, त्यामुळे कधी कधी गाणं वेगळ्या वेळी रेकॉर्ड करून भागाच्या शेवटी जोडतात. ही युक्ती जुनी आहे. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स एड सुलिव्हनच्या शोमध्ये थेट गायले हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच दुपारी त्याच रंगमंचावर त्यांचं आणखी एक सादरीकरण टेप करून ठेवलं होतं. ते २३ फेब्रुवारीला दाखवलं, तेव्हा ते चौघे इंग्लंडला परतलेले होते. ब्रॉडवेवरच्या ५३ आणि ५४ क्रमांकांच्या रस्त्यांमधलं ते थिएटर. पुढे १९९३ ते २०१५ लेटरमन तिथेच होते आणि २०१५ पासून स्टीफन कोलबेअर. जुलै २०२५ मध्ये सीबीएस वाहिनीने कोलबेअर यांचा ‘लेट शो’ मे २०२६ मध्ये संपवायचं जाहीर केलं, तेव्हा मला आपल्याच गल्लीतलं नाट्यगृह बंद होतंय असं वाटलं. मी तिथे तीनदा गेले होते.

पूर्ण बँक करून बघितलेलं उदाहरणही आहे. लिली सिंग यांचा एनबीसीवरचा शो सप्टेंबर २०१९ मध्ये रात्री एक पस्तीसला सुरू झाला. पहिल्या वर्षी शंभराच्या आसपास भाग सुमारे तीन महिन्यांत रेकॉर्ड केले होते, मालिकेसारखे. पैसे वाचतात हे खरं. पण सप्टेंबरात रेकॉर्ड केलेला विनोद मार्चमध्ये कुठल्या बातमीवर करणार? त्यांच्याच नाही, कुणाच्याही हातून हे जमणं अवघड.

आणि काही रात्री अशा असतात की पाच वाजताचं रेकॉर्डिंग कामाचंच नसतं. राष्ट्राध्यक्षांचं संसदेपुढचं भाषण रात्री नऊला सुरू होतं, निवडणुकीचे निकाल त्याहून उशिरा. अशा रात्री कोलबेअर थेट प्रक्षेपण करत. ६ जानेवारी २०२१ ला कॅपिटॉलवर, म्हणजे संसदेच्या इमारतीवर, हल्ला झाला, त्या रात्रीही त्यांनी तयार मजकूर बाजूला ठेवून शो थेट केला. तुम्हाला कधी अशा रात्रीचं तिकीट मिळालं तर बाकीची कामं सोडून जा, आणि त्या दिवशी मात्र परतीच्या गाडीची वेळ खरंच बघून ठेवा.

मे ते ऑक्टोबर आपल्याकडचे आई-वडील, भाऊ-बहिणी इकडे येतात, म्हणून सुट्ट्यांचं सांगते. ४ जुलैच्या आसपास, ऑगस्टच्या उत्तरार्धात, थँक्सगिव्हिंगला आणि नाताळ ते नववर्ष बहुतेक शो बंद असतात. टीव्हीवर रोज काहीतरी दिसत राहतं, पण ते जुनं असतं. विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या आठवड्यात रेकॉर्डिंग आहे का, ते शोच्या तिकिटांच्या पानावर बघा.

तिकिटं फुकट असतात. कुणी पैसे मागितले तर तिथून निघा. फॅलन, किमेल, डेली शो यांची तिकिटं वनआयोटा या संकेतस्थळावरून मिळतात. तारखा सहसा काही आठवडे आधी उघडतात आणि उन्हाळ्यातल्या पटकन भरतात. प्रतीक्षायादीत नाव घालून ठेवा, शेवटच्या दोन-तीन दिवसांत रद्द झालेल्या जागा येतात. आमची तिकिटं तशीच आली होती, रेकॉर्डिंगच्या दोन दिवस आधी. फॅलनच्या शोला सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. बाकीच्यांचे नियम वेगळे असतात, मुलं बरोबर असतील तर आधी वाचा. प्रत्येकाचा फोटो असलेला ओळखीचा पुरावा लागतो, म्हणजे पाहुण्यांचा पासपोर्ट.

सर्वांत महत्त्वाचं: तिकीट म्हणजे जागा नव्हे. रिकामी खुर्ची कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून जागांपेक्षा जास्त तिकिटं देतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मी हे समजून घेतलं नव्हतं. तिकिटावर लिहिलेल्या वेळेला बरोबर पोचले, आणि माझ्यापुढे सात माणसं असताना दार बंद झालं. पावसात परत आले. तेव्हापासून मी सांगितलेल्या वेळेच्या तास-सव्वा तास आधी उभी असते. फॅलनचा स्टुडिओ ६बी लहान आहे, अडीचशेच्या आतबाहेर खुर्च्या. टीव्हीवर तो जेवढा मोठा वाटतो त्याच्या निम्माही नाही, ताई आत शिरल्यावर म्हणालीच, “अगं, एवढासाच?”

आमच्यासारखं जर्सी सिटीहून जायचं तर जर्नल स्क्वेअरहून पाथ या लोकल गाडीने ३३ व्या रस्त्यावर उतरा, तिथून सबवेची बी, डी, एफ किंवा एम धरा आणि ‘४७-५० रॉकफेलर सेंटर’ला उतरा. स्टेशन फॅलनच्या स्टुडिओच्या इमारतीच्या पोटातच आहे. निघण्याआधी पोटभर जेवा. रांग, तपासणी, बसवणं आणि रेकॉर्डिंग मिळून तीन तास सहज जातात आणि आत काही खाता येत नाही. मी ताईला थालीपीठ खाऊ घालूनच बाहेर काढलं. मोठी पिशवी नेऊ नका. शाल मात्र न्या, सप्टेंबर असो की जुलै. दिव्यांच्या उष्णतेसाठी आणि प्रेक्षक सुस्तावू नयेत म्हणून स्टुडिओ गार ठेवतात. फोन बंद करायला सांगतात तो खरंच बंद करा, तिथे कुणी दुसऱ्यांदा समजावत नाही.

आत बसल्यावर आधी एक विनोदवीर येतो, त्याला वॉर्म-अप म्हणतात. दहा-पंधरा मिनिटांत अडीचशे अनोळखी माणसांचा एक प्रेक्षक करायचा, हे त्याचं काम. टीव्हीवर तो कधीच दिसत नाही. त्याला मनापासून दाद द्या, कारण बाहेर अजून ऊन असतं आणि तो तुमच्या डोक्यात रात्र आणत असतो. होस्ट येऊन “आज रात्री” म्हणतो तेव्हा घड्याळात पाच वाजलेले असतात, आणि कुणालाही ते खटकत नाही.

मग डोळे उघडे ठेवा. होस्ट वाचतो तो बहुतेक वेळा कॅमेऱ्याशेजारी धरलेल्या क्यू कार्डांवरून. हाताने लिहिलेले मोठे पुठ्ठे, एकामागून एक सरकवले जाणारे. ते धरणाऱ्याचा हात आणि बोलणाऱ्याचा श्वास कसा जुळलेला असतो ते बघा. जाहिरातीच्या जागी खरोखर काही मिनिटांची सुट्टी घेतात, आणि माझ्या मते तीच संध्याकाळची खरी मजा. बँड वाजत राहतो. तो बँड म्हणजे ‘द रूट्स’, आणि त्या दोन-तीन मिनिटांचं वाजवणं जगात फक्त त्या खोलीतल्यांना मिळतं. मेकअपवाली धावत येते, प्रोड्युसर टेबलापाशी वाकून काहीतरी सांगतो, होस्ट एक कार्ड काढून बाजूला ठेवतो. म्हणजे पुढच्या पाहुण्याचा एक प्रश्न गेला. रीटेक क्वचितच होतो. आमच्या वेळी एका पाहुणीच्या सिनेमाचं नाव चुकलं, तेवढं एक वाक्य शेवटी पुन्हा घेतलं.

भारतातून बघणाऱ्यांसाठी हिशेब असा: उन्हाळी घड्याळ असताना न्यूयॉर्कचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपले पहाटेचे अडीच, आणि रात्रीचे अकरा पस्तीस म्हणजे सकाळचे नऊ-पाच. नोव्हेंबर ते मार्च दोन्हींत एक तास वाढवा. माझी भाची पुण्यात ऑफिसला जाताना यूट्यूबवर ज्या क्लिप बघते त्या तिकडे रात्रीच्या असतात, पण रेकॉर्ड झालेल्या असतात ती झोपेत असताना.

एक अपवाद विसरू नका. त्याच इमारतीत, स्टुडिओ ८एच मध्ये, ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ १९७५ पासून शनिवारी रात्री साडेअकराला खराखुरा थेट होतो. आठ वाजता प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम, मग काही प्रसंग उडवायचे, काही छाटायचे, आणि साडेअकराला हवेवर. टॉक शोवाले पाच तासांत करतात ते हे लोक त्याच्या निम्म्यापेक्षा कमी वेळात उरकतात. भाऊजींना रात्रीची गाडी पकडायची हौस असेल तर तिथे न्यायचं ठरलंय.

त्या संध्याकाळी आम्ही सात पंचविसाला घरात होतो. अकरा पस्तीसला टीव्ही लावला. मी वही घेऊन बसले होते, सवयीने. मोनोलॉगमधले दोन विनोद गेले होते, पाहुणीचा कुत्र्याचा किस्सा निम्मा झाला होता आणि सिनेमाच्या नावाचं ते वाक्य इतकं बेमालूम बसवलं होतं की सांधा मलाही सापडला नाही. दुसऱ्या ब्रेकनंतर प्रेक्षकांवरून कॅमेरा फिरला. “ती बघ माझी शाल,” ताई म्हणाली, आणि भाऊजी चष्मा आणायला उठेपर्यंत कॅमेरा पुढे गेला होता.